आठ किलोबाइटचं गाव

सोलापुरातल्या विशीतल्या पोरांना वाट बघायचं वेड लागलं ते साधारण २०४० नंतर. जन्मल्यापासून त्यांना सगळं मागायच्या आत हजर. गाणं मनात आलं की कानात, प्रश्न ओठावर आला की उत्तर समोर. अशा पोरांना कुणीतरी जुना संगणक दाखवला. तो चालू व्हायला चार मिनिटं घेतो आणि ती चार मिनिटं नुसता घरघरतो. पोरं पाघळली. "काका, हा विचार करतोय!" असं इंजिनिअरिंगचं एक पोरगं माझ्या दुकानात डोळे मोठे करून म्हणालं होतं. विचार कसला, पंख्यात धूळ अडकली होती. पण गिऱ्हाइकाची भक्ती मोडू नये, म्हणून मी गप्प बसलो.

ज्यांनी तो काळ काढला त्यांना तो परत नकोय, आणि ज्यांनी पाहिलाच नाही त्यांना तो उशाशी घेऊन झोपायचंय. या दोघांच्या मधोमध, अशोक चौकातून आत, माझं दुकान आहे. नाव 'ठसाघर'. दुकानात एक वही आहे. वहीत चार रकाने आहेत: कोण आलं, काय आणलं, काय शोधतोय म्हणाला, आणि खरं काय शोधत होता. चौथा रकाना मी गिऱ्हाईक गेल्यावर भरतो. तिसऱ्याशी तो क्वचितच जुळतो.

शिवन्या बोल्ली आली ती मंगळवारी, सकाळी दुकान उघडता उघडता. वय एकोणीस, संगणकशास्त्राचं दुसरं वर्ष. ही पोरगी त्याआधी चौदा वेळा माझ्याकडं आली होती आणि चौदाही वेळा मलाच काहीतरी शिकवून गेली होती. त्या दिवशी मात्र तिनं शिकवलं नाही. टेबलावर पिवळ्या प्लास्टिकची एक डबी ठेवली. टीव्हीला जोडायच्या जुन्या गेमची कॅसेट. आत फीत नसायची, चिप असायची, तरी सगळं सोलापूर तिला कॅसेटच म्हणायचं.

"काका, कॅसेट मेली."

"कुणी मारली?"

"मी," ती म्हणाली, आणि तिचं नाक लाल झालं.

कॅसेट तिच्या ताताची, म्हणजे आजोबांची. अंबादास बोल्लींना मी ओळखत होतो. एके काळी अर्ध्या शहराचे टीव्ही या माणसानं उघडले असतील. आता एकोणसत्तर वय, बोलणं कमी, हात थरथरता. त्यांच्या कपाटात एक टीव्ही गेम आणि ही एकच कॅसेट. रोज फडक्यानं पुसायची, पण खेळायची नाही, कुणाला खेळू द्यायची नाही.

"बॅटरीवाली आहे ना ही," शिवन्या सांगत होती. "आतल्या सेलवर गेम सेव्ह राहतो. ताता मागच्या महिन्यात म्हणाले, सेल बदलायला झालाय. आणि काका, त्यांचा हात इतका कापतो की आता चमच्यातलं सांबारसुद्धा शर्टावर सांडतं. मी म्हटलं, आपण बदलू. सरप्राईज देऊ."

"कॅसेट गेममध्ये लावून, गेम चालू ठेवून बदललास ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणजे नाही.

"किती वेळ सेल नव्हता?"

"चार सेकंद. नवीन सेल हातातच होता, काका!"

चार सेकंद पुरतात. असल्या चिपला वीज तुटली की सगळं विसरायला डोळ्याची उघडझापसुद्धा पुरते.

"ताता ओरडले?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं. लावून बघितलं, पडद्यावर नुसतं माळरान. म्हणाले, 'असू दे, पोरी.' तेव्हापासून नीट जेवले नाहीत. आज तिसरा दिवस."

मी डबी उचलली. "तीन दिवस म्हणजे उशीर झालाय. चल, आधी मशीनला लावू, रडणं नंतर."

आता हे मशीन काय करतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर चाललं.

चिपमध्ये बारीक घरं असतात. या कॅसेटमध्ये आठ किलोबाइट, म्हणजे साडेपासष्ट हजार घरं. प्रत्येक घर एका कुशीवर झोपतं: एक कूस म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. वीज गेली की झोपच मोडली, कोण कुठल्या कुशीवर होतं याचा पुरावा नाही. निदान तसं आपण समजत होतो. पण माणूस वर्षानुवर्षं एकाच कुशीवर झोपला तर ती बाजू अवघडते, आणि उठून पुन्हा आडवा होताना तो आपसूक दुसऱ्या कुशीवर वळतो. चिपच्या घरांचंही तसंच. बराच काळ एकच गोष्ट धरून ठेवली की ती बाजू कणभर झिजते. मग वीज परत दिली की ते घर उलट्या बाजूला कलायला बघतं. हा कल फार बारीक असतो. एकदा बघून कळत नाही. म्हणून माझं मशीन चिपला गार करतं, गरम करतं, आणि हजारो वेळा वीज देऊन काढून घेतं. प्रत्येक खेपेला प्रत्येक घर कुठं पडलं ते मोजत बसतं. या मोजणीतून जो ठसा उमटतो, तो उलटा वाचायचा.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. चिपला शेवटचं काय होतं ते आठवत नाही, सगळ्यात जास्त काळ काय धरलं होतं ते आठवतं. आणि एकदा ते धरणं सुटलं की अवघडलेली बाजू हळूहळू मोकळी व्हायला लागते, ठसा पुसत जातो. पण ठसा जितका खोल, तितक्या जास्त वर्षांचा. हे वर्षांचं गणित आता दोन-चार महिन्यांच्या फरकानं बरोबर येतं.

दुपारी आकडा आला. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"शिवन्या, हा सेव्ह या चिपमध्ये किती वर्षं होता असं तुला वाटतं?"

"सेल दहा वर्षं जातो. फार तर बारा."

"त्रेचाळीस."

ती हसली. "मशीन बिघडलंय तुमचं."

"मशीन बिघडलेलं नाही. २००३ सालापासून या गेममध्ये एक ठिपका हललेला नाही. म्हणजे कुणीतरी निदान चार वेळा सेल बदललाय. गेम चालू ठेवून, वरून कथलाचा डाग देऊन, चिपला कळूही न देता. आणि तेव्हाचं सोलापूर तुला माहीत नाही. मधेच वीज जायची. म्हणजे शेजारी गाडीची बॅटरी जोडून ठेवायची, आणि मग हात लावायचा. थरथर चालायची नाही."

शिवन्या डबीकडं बघत म्हणाली, "आणि खेळायचं नाही?"

"खेळला असता तर ठसा बदलला असता."

त्या ठशातून गेम जुळवून पडद्यावर घेतला. नांगर-बैलांचा, गाव वसवायचा जपानी खेळ. सगळी अक्षरं जपानी. बोल्लींच्या घरात आत तेलुगू, दारात मराठी, त्यात या तिसऱ्या भाषेनं काही अडलं नव्हतं म्हणे. चित्रं बघून खेळायचं. शिवन्यानं भाषांतराच्या चष्म्यातून गावाचं नाव वाचलं. "रा... जि. राजि लिहिलंय." ती थांबली. "ही चंद्रपूरची आज्जी तर नाही?"

पण अजून गाव उभं राहत नव्हतं. काही घरं कारखान्यातून येतानाच हट्टी असतात. एकाच बाजूला पडतात, ठसा-बिसा मानत नाहीत. अशी एकतीस घरं निघाली. ती गेममधल्या सात जागांवर होती: तिसऱ्या वाफ्यात काय पेरलंय, पुलाची वाट कुठल्या घरापासून निघते, असलं काहीबाही. आणि हा खेळ मोठा कडक. उघडताना सगळ्या घरांची बेरीज घेतो. बेरीज चुकली की पूर्ण गाव पुसून टाकतो.

"मग बेरीज जुळेल असं काहीतरी भरू की," शिवन्या म्हणाली. एव्हाना तिचं नाक नेहमीच्या रंगावर आलं होतं. "किती प्रकारांनी जुळते?"

"ऐंशी लाखांहून जास्त. खरं गाव एकच."

"काका, ताता खेळतसुद्धा नाहीत. त्यांना काय कळणार? वाफ्यात मुळा आहे का गाजर, कोण बघतंय? त्यांना जेवू घालायचंय फक्त."

खोटं कशाला सांगू, माझाही हात बटणापर्यंत गेला होता. आजवर गिऱ्हाइकाला मी अंदाजाचा माल दिला नव्हता. पण उपाशी म्हातारा आणि एक मुळा यांत कोण मोठं? तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मला नाही कळणार. तिला कळेल."

अंबादास बोल्ली. पांढरा शर्ट, छत्री काखेत. नात सकाळपासून कुठं गेली ते त्यांनी बरोबर ओळखलं होतं. खुर्ची दिली, पाणी दिलं. ग्लास दोन्ही हातांनी धरून त्यांनी पडद्यावरचं अर्धंमुर्धं गाव बघितलं.

"ताता, राजि म्हणजे चंद्रपूरची आज्जी?"

"माझी बहीण. राजमणी."

मग त्यांनी सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. राजमणी बारा वर्षांची असल्यापासून हे गाव तिचं. वीस वर्षांची झाली तेव्हा चंद्रपूरच्या शेंड्यांच्या मुलाशी लग्न करते म्हणाली. जात वेगळी, वडील उखडले. वडिलांनी घरात सगळ्यांसमोर मोठ्या मुलाला विचारलं, 'तू काय म्हणतोस?'

"मी टीव्ही उघडून बसलो होतो," अंबादास म्हणाले. "डाग देतच राहिलो."

राजमणी त्याच दिवशी गेली. वडील वारले तेव्हा येऊन संध्याकाळच्या गाडीनं परतली. भाऊ-बहीण एकमेकांशी बोलले नाहीत.

"जाताना गेम राहिला तिचा," ते म्हणाले. "मला वाटलं, आली तर तिला गाव जसंच्या तसं दिसायला पाहिजे."

"आणि एखादं पत्र?" मी विचारलं. "फोन?"

"काय लिहायचं ते सुचलं नाही, मास्तर." बोल्ली मला मास्तर म्हणतात, कारण मी पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचो. "सेल बदलायचं सुचायचं."

असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दोन ओळींचं पत्र जमेना म्हणून त्यानं आठ किलोबाइट त्रेचाळीस वर्षं जागे ठेवले.

"मग विचारू आज्जीला," शिवन्या म्हणाली. "नंबर आहे माझ्याकडं."

"तुझ्याकडं?"

"आम्हा नातवंडांच्या ग्रुपवर आहे ती. तुम्ही मोठी माणसं बोलत नाही ताता, आम्ही रोज बोलतो."

अंबादास उठले. "आज नको. बघू."

आता मला बोलणं भाग होतं. "बोल्ली, सकाळी मोजलं तेव्हा संशयाची घरं एकतीस होती. आत्ता चौतीस आहेत. उद्या पन्नास होतील. ठसा मोकळा होत चाललाय. आठवड्यानं गाव राहील, पण ते कुणाचं ते सांगता येणार नाही."

ते खुर्चीत परत बसले. शिवन्यानं दुकानाचा फोन लावून, स्पीकर सुरू करून त्यांच्यासमोर धरला. वाजला. उचलला.

"हॅलो? कोण?"

आवाज ठणठणीत. त्या बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पण अंदाज तिथंच आला. अंबादास फोनकडं वाकले.

"कोण बोलतंय? मला विमा नकोय हं, आधीच सांगते."

"राजमणी," अंबादास म्हणाले. "तिसऱ्या वाफ्यात काय लावलं होतंस?"

मला वाटलं, बाईंनी फोन ठेवला.

"अण्णा?"

"हं."

"त्रेचाळीस वर्षांनी फोन केलास आणि वाफ्यात काय लावलं होतं विचारतोस?"

"तेवढंच अडलंय."

"तेवढंच अडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "पण एकेक घेऊ. मुळा."

मी मुळा भरला.

सात जागांची सात उत्तरं घ्यायला अर्धा तास लागला, कारण मधे मधे त्या दुसरंच काही विचारायच्या. पुलाची वाट कोपऱ्यातल्या घरापासून. वहिनी गेली ते पोरांकडून कळलं. कशी रे गेली? तू कळवलं नाहीस मला. बैलाचं नाव सोमा. अण्णा, तू सेव्ह मोडलास असं मी धरून चालले होते रे, मी गेल्या गेल्या. चौथ्या घरात म्हातारी एकटी. नाही, दोन माणसं, थांब, दोन. अंबादास 'हं' आणि 'नाही' यापलीकडं जात नव्हते. पण खुर्चीच्या कडेवरून ते हळूहळू पाठीपर्यंत सरकले होते. बेरीज जुळत आली.

आणि मग बाई आपणहून म्हणाल्या, "विहीर डावीकडं आहे ना? रस्त्याच्या डावीकडं, चिंचेखाली. गाव आठवलं की मला आधी तीच दिसते."

पडद्यावर विहीर उजवीकडं होती. मळ्याच्या टोकाला, चिंचेपासून लांब. तिथं काही शंका नव्हती. तिची सगळी घरं खोल ठशाची, शंभरातली शंभर.

मी फोनकडं वाकलो. "बाई, विहीर उजवीकडं आहे."

"तुम्ही कोण?"

"दुकानदार. मशीन माझं आहे."

"दुकानदारांनी दुकान बघावं. विहीर डावीकडं. त्या विहिरीवर मी आठ वर्षं पाणी भरलंय."

शिवन्यानं तोंडावर हात ठेवला. अंबादासांनी फोनवर तळवा दाबला आणि माझ्याकडं वळले.

"डावीकडं करा."

"अहो बोल्ली, बाई चुकतायत. तुम्ही स्वतः दर वेळी बघितलं असेल."

"बघितलंय. उजवीकडंच आहे. तुम्ही डावीकडं करा."

"त्रेचाळीस वर्षं एक ठिपका हलू दिला नाहीत, आणि आता?"

त्यांनी तळवा आणखी घट्ट दाबला. "मास्तर, ती बरोबर होती ना, तेव्हा मी तिच्या बाजूनं बोललो नाही. आज ती चुकायलीय. निदान आज बोलू द्या की."

मग तळवा काढून, दुकानाबाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "राजमणी, डावीकडंच होती. हे मशीन चुकायलंय."

"मी म्हटलं नव्हतं?" पलीकडून आवाज आला, आणि त्यात काहीतरी ओलं होतं.

विहीर उचलून चिंचेखाली ठेवली. बेरीज मोडली. ती नव्यानं जुळवून दिली. या दुकानात मी जाणूनबुजून केलेली ही पहिली चुकीची नोंद. शिवन्यानं चिपवर सगळं परत चढवलं आणि सेलला डाग दिला. या खेपेला गेम चालू ठेवून, आणि ताता शेजारी उभे राहून 'सावकाश, सावकाश' म्हणत असताना. त्या दुपारी अंबादासांनी माझ्या डब्यातल्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला एक उरली.

दुसऱ्या रविवारी राजमणी शेंडे आल्या. मला शिवन्यानं बोलावून घेतलं. मशीनचा काही बिघाड निघाला तर असावा माणूस, असं कारण दिलं. दारात बाईंनी भावाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "किती वाळलास," म्हणाल्या, आणि पिशवी त्याच्या हातात दिली. पिशवी थरथरायला लागली तशी काढूनही घेतली. रडणं-बिडणं आतल्या खोलीत झालं असेल. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

टीव्हीसमोर सतरंजीवर दोघं बसले. रिमोट तिच्या हातात. गाव उघडलं. वाफे, पूल, सोमा बैल. बाईंचा अंगठा आपोआप चालायला लागला. रस्त्यानं पुढं जाऊन तो थांबला.

"अण्णा," त्या सावकाश म्हणाल्या. "विहीर उजवीकडं होती रे."

मी शिवन्याकडं बघितलं. शिवन्या छताकडं.

"नाही," अंबादास म्हणाले. "डावीकडंच होती."

"अरे, उजवीकडं! आता समोर बघितल्यावर आठवतंय ना. मळ्याच्या टोकाला. पाणी आणायला लांब पडायचं म्हणून मी रडायचे. चिंचेखाली पाहिजे होती मला, पण एकदा खणली की हलवता यायची नाही."

"तू डावीकडं म्हणालीस."

"मी चुकले असेन!"

"तू चुकली नाहीस," अंबादास म्हणाले. ते कुणाकडं बघत नव्हते, पडद्याकडंच. "मी इथं होतो. मला माहीत आहे."

बाई भावाकडं बघत राहिल्या. शाळेत किती पोरांचं खोटं त्यांनी पकडलं असेल, याचा हिशोब नाही. हेही त्यांनी पकडलं असणार. पण त्यांनी काही विचारलं नाही. पदरानं रिमोट पुसला, छोट्या माणसाला चिंचेखाली नेलं आणि विहिरीपाशी उभं करून बटण दाबलं. बादली खाली गेली. वर यायला तिला चांगला वेळ लागला. जुनी मशीनं, घाई नाही.

"पाणी लागलंय का गं?" अंबादासांनी विचारलं.

"लागलंय की," राजमणी म्हणाल्या.